उणे २७३

'बेगोनिया' हा शब्द मी पहिल्यांदा फोनवर ऐकला आणि मला तो न्युमोनियाचा चुलतभाऊ वाटला. "माझ्याकडे बेगोनिया आहेत, तुला चालेल ना?" असं घरमालक विचारत होते आणि मी मनातल्या मनात मास्क शोधत होतो. खोलीचं भाडं इतरांपेक्षा कमी होतं, त्यामुळे आजार असला तरी चालेल असं ठरवून मी 'यस सर' म्हणून टाकलं.

तर मित्रांनो, ही गोष्ट २०२४ सालची. थर्ड इयरचं दुसरं सत्र मी एक्स्चेंजवर इंग्लंडमध्ये, शेफील्डला काढलं हे मेसमधल्या सगळ्यांना पाठ झालंय. (परत आल्यावर दोन महिने मी दुसरं काही बोललोच नाही असा माझ्या रूम पार्टनरचा आरोप आहे.) पण सांगताना मी नेहमी विद्यापीठ, बर्फ आणि फिश-अँड-चिप्स एवढंच सांगत आलो. घराच्या मागच्या अंगणातल्या आठ फूट बाय सहा फूट काचेच्या खोलीत काय झालं, ते आजवर सांगितलं नव्हतं. मॅगझिनच्या संपादकांनी 'काहीतरी प्रामाणिक लिही' अशी गळ घातली, म्हणून आता सांगतो.

घरमालक पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटेच. इथे मी त्यांना आजोबाच म्हणतो. तोंडावर पहिले दोन आठवडे 'मिस्टर' लावून आडनाव घेत होतो, मग त्यांनीच दटावून पहिल्या नावाने हाक मारायला लावली. आपल्या आजोबांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे जीभ अडखळायची. ते मला 'लॅड' म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचं 'पोरा'.

त्यांचं बेगोनियाचं वेड म्हणजे बाल्कनीत चार कुंड्या असा प्रकार नव्हता. ते 'शो'साठी झाडं वाढवायचे. तिकडे ऑगस्टमध्ये फुलांची प्रदर्शनं भरतात आणि बेगोनियाची वेगळी स्पर्धा असते. कंदाच्या बेगोनियाचं एकेक फूल वीतभर रुंद, मध्ये गुलाबाच्या कळीसारखा घट्ट पीळ आणि भोवती पाकळ्यांचे थर. परीक्षक लोक फूल मोजतात, पीळ मधोमध आहे का बघतात, एखादी पाकळी किंचित करपलेली असली तरी गुण कापतात. आपल्या व्हायव्हाला एक्स्टर्नल इतका खडूस असता तर आपण सगळे अजून सेकंड इयरलाच असतो.

या झाडाचं मूळ गाव इंग्लंड नव्हे. कंदाच्या बेगोनिया आल्या दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून, बोलिव्हिया-पेरूकडून. रिचर्ड पिअर्स नावाच्या माणसाने १८६० च्या दशकात त्या व्हीच नावाच्या नर्सरीसाठी गोळा केल्या आणि तिथल्याच जॉन सीडनने केलेला पहिला संकर १८७० मध्ये विक्रीला आला. आजोबा हे असं सांगायचे, जणू सीडन त्यांच्याच खात्यात फोरमन होता.

आता एक गंमत ऐका. ज्या मोठ्या फुलासाठी एवढा खटाटोप, ते नर फूल असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या मादी कळ्या लहान असतानाच खुडून टाकतात. आणि नर फुलातले पुंकेसर पाकळ्या होऊन बसलेले असतात, म्हणजे परागही जवळजवळ नाहीत. तरी कसंबसं बी मिळवून पेरलंच, तर उगवणारं झाड आईबापांसारखं निघेल याची खात्री नाही. त्यामुळे एखादी जात टिकवायची तर एकच मार्ग, कलम. 'रॉय हार्टली' किंवा 'शुगर कँडी' अशी नावं मिळालेली जात म्हणजे खरं तर एकच झाड, जे लोकांनी तुकडे तोडून-तोडून वर्षानुवर्षं जिवंत ठेवलंय. शेवटचा तुकडा मेला की जात संपली. बॅकअप नाही.

आजोबांकडे नाव असलेल्या पंधरा-सोळा जाती होत्या आणि एक बिननावाची. तिच्या पट्टीवर नुसतं '११' लिहिलेलं. ती त्यांनी स्वतः १९८७ मध्ये बियांपासून तयार केली होती. हंगामाच्या शेवटी झाडाला उपाशी ठेवलं की एखाद-दुसऱ्या फुलात थोडे पराग येतात. तसे पराग मिळवून, ब्रशने दुसऱ्या झाडाला लावून. त्या वर्षी उगवलेल्या रोपांतलं अकरावं ठेवलं, बाकीची फेकली. रंग जर्दाळूसारखा, कडेला किंचित गुलाबी. ती जगात त्या एकाच ग्रीनहाऊसमध्ये होती. "कुणाला दिली का नाही?" असं मी विचारलं तर म्हणाले, "कुणी मागितली नाही."

आता थोडं इंजिनिअरिंग. आपल्याकडे पॉलीहाऊस म्हटलं की ढबू मिरची, जरबेरा आणि आत शिरल्यावर येणारा घाम. तिकडे प्रश्न बरोबर उलटा. ऑगस्टमध्ये प्रदर्शनाचं फूल हवं तर कंद फेब्रुवारीतच जागा करावा लागतो, आणि जागं व्हायला त्याला बुडाशी १८ ते २० अंश ऊब लागते. बाहेर रात्री उणे तीन. मी आल्या आल्या हुशारी दाखवत हिशेब मांडला. हीट ट्रान्सफरच्या पुस्तकाचं पहिलं पान: काचेचं क्षेत्रफळ अंदाजे १८ चौरस मीटर, यू-व्हॅल्यू ६, तापमानातला फरक २१. उत्तर आलं जवळजवळ २.३ किलोवॅट. रात्रीचे चौदा तास धरले तर ३२ युनिट, आणि तेव्हा युनिटला २८-२९ पेन्स पडत होते. म्हणजे एका रात्रीचे नऊ पौंड, आपले साडेनऊशे रुपये. कागद बघून आजोबा म्हणाले, "म्हणूनच तर खोलीतली खोली असते, पोरा."

ही खोलीतली खोली म्हणजे प्रोपगेटर, रोपं रुजवायची उबदार पेटी. बाहेरच्या काचखोलीला आतून बबल-रॅप लावायचं (हो, तेच, फोडायला मजा येते ते) आणि तिथे पाच अंशांवर हीटर ठेवायचा, नुसतं गोठू नये एवढ्यापुरता. आणि आत टेबलावर चार फूट बाय दोन फुटांची लाकडी पेटी. तळाला इंचभर थर्माकोल, वर दोन इंच वाळू, वाळूवर ७५ वॅटची हीटिंग केबल नागमोडी अंथरायची, स्वतःवरून ओलांडू द्यायची नाही, वर पुन्हा दोन इंच वाळू. वाळू ओली ठेवायची, कारण कोरडी वाळू उष्णता नीट वाहून नेत नाही. वरून प्लास्टिकचं झाकण. पंचाहत्तर वॅट म्हणजे आपल्या सीलिंग फॅनइतकी वीज! रात्रीचा खर्च वीस-पंचवीस पेन्स. इतकं साधं आणि इतकं बरोबर डिझाईन मी आमच्या मिनी प्रोजेक्टमध्येही बघितलं नव्हतं (कुणाच्या ते लिहीत नाही).

केबल चालू-बंद करायला वाळूत एक रॉड थर्मोस्टॅट होता. पितळेची नळी, तिच्या आत इन्व्हारची कांडी. ऊब वाढली की पितळ लांबतं, इन्व्हार जवळजवळ जागचं हलत नाही, त्या फरकाने स्विच उघडतो. तीस वर्षं तेच चाललं होतं. पण दोन-तीन अंश इकडे-तिकडे व्हायचं आणि मला ते सहन होईना. मी म्हटलं, "मी डिजिटल करून देतो." दहा किलोओहमचा थर्मिस्टर, एक अर्डुइनो, एक रिले, छोटा डिस्प्ले आणि दर मिनिटाला तापमान लिहून ठेवणारं मेमरी कार्ड. अर्ध्या अंशाच्या आत अचूक. आजोबांनी आधी सप्लायला आर.सी.डी. आहे ना ते माझ्याकडून तपासून घेतलं, मग बराच वेळ पेटीकडे बघत उभे राहिले, आणि मग जुना रॉड काढून कापडात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. टाकला नाही.

फेब्रुवारीत कंद लावले. कंदाला एका बाजूला वाटीसारखा खळगा असतो. वाटी पालथी घातली तर पाणी साचणार नाही या सिव्हिल इंजिनिअरिंग विचाराने मी पहिला ट्रे अख्खाच्या अख्खा उलटा लावला. डोळे खळग्यातूनच फुटतात. आजोबांनी काही न बोलता एकेक कंद सरळ केला आणि संध्याकाळी चहा पिताना मला विचारलं, "तुमच्याकडे भारतात माणसं पायांवरच चालतात ना?"

मार्चमध्ये गुलाबी कोंब दोन-तीन इंचांचे झाले. त्यातले एक-दोन झाडासाठी ठेवून बाकीचे कलमासाठी कापतात. इथे हात सरावलेला लागतो. कोंब नुसता कापून चालत नाही, बुडाशी 'डोळा' आला पाहिजे. डोळ्याशिवायचं कलम रुजतं, फुलतंसुद्धा, पण पुढच्या वर्षी कोंब फुटायला त्याच्याकडे काही राहत नाही. आजोबा दाढीच्या ब्लेडने कापायचे, कंदाच्या जखमेवर गंधकाची पूड लावायचे, आणि मी पट्ट्यांवर नावं लिहायचो. सगळी मिळून ४६ कलमं झाली. त्यात '११'ची पाच. '११'चा मूळ कंद म्हातारा झाला होता, त्याच्या खळग्यात कूज शिरली होती, ती त्यांनी चमच्याने खरवडून काढली. पाचही कोंब त्यांनी कलमांसाठी कापून घेतले. कंद कुंडीत घालून बाकीच्या कंदांबरोबर पेटीबाहेरच्या टेबलावर ठेवला. कलमं पेटीत. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

नंतर एका शनिवारी आजोबा मुलीकडे लीड्सला गेले, दोन दिवसांसाठी. जाताना मला एकच काम सांगितलं: ऊन पडलं तर दहाच्या आत ग्रीनहाऊसचं दार आणि पेटीचं झाकण उघड. छताची खिडकी एरवी आपोआप उघडते, नळकांडीतलं मेण उष्णतेने फुगून दांडा ढकलतं, पण थंडीसाठी ती बबल-रॅपखाली बंद करून ठेवली होती. मी शुक्रवारी रात्री असाइनमेंट लिहीत तीनपर्यंत जागा. उठलो तेव्हा साडेअकरा, आणि खिडकीतून लख्ख ऊन.

चपला न घालताच खाली धावलो. ग्रीनहाऊसमध्ये आपल्या एप्रिलसारखं. पेटीचं झाकण आतून वाफेने पांढरं झालेलं. ते उचललं आणि वास आला, शिजलेल्या भाजीचा. वाळूत बोट घातलं ते पटकन बाहेर काढावं लागलं. आणि डिस्प्लेवर माझी अर्ध्या अंशाच्या आत अचूक पेटी सांगत होती: उणे २७३.१५. रिलेचा लाल दिवा चालू.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या लक्षात आलंच असेल. थर्मिस्टर थंड होतो तसा त्याचा रेझिस्टन्स वाढतो. तार तुटली की रेझिस्टन्स अनंत. माझ्या सूत्राच्या दृष्टीने अनंत रेझिस्टन्स म्हणजे केल्व्हिनचं शून्य. तार तुटली होती, माझाच ड्राय सोल्डर, रोज ट्रे उचलताना हिसके बसून सुटलेला. त्या क्षणापासून माझ्या पेटीला वाटत होतं की विश्वातलं सगळ्यात थंड ठिकाण आजोबांच्या अंगणात आहे, आणि ती बिचारी जीव तोडून ते गरम करत होती. मेमरी कार्डवर नंतर बघितलं: पहाटे ४:१२ पासून. ऊन चढायच्या कितीतरी आधी.

बेगोनियाचा देठ म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. छत्तीस कलमं तर हात लावल्यावर बुडाशी चिखल होऊन सुटत होती. उरलेली दहा कडेच्या ट्रेमधली, ती लोळलेली पण हिरवी होती. '११' मधल्या ट्रेमध्ये होती, सगळ्यात उबदार जागी, कारण आजोबांनी मुद्दाम तिथे ठेवली होती.

आता जे लिहितोय ते लिहायला मला जड जातंय. मी तार पुन्हा सोल्डर केली. वरून टेप गुंडाळली. डिस्प्लेवर परत शहाण्यासारखे आकडे दिसायला लागले. आणि रविवारी संध्याकाळी आजोबा आल्यावर मी सांगितलं की मी उशिरा उठलो, दार उघडायला दीड तास उशीर झाला, उन्हाने सगळं शिजलं. यातला शब्द न् शब्द खरा होता. लहान चूक पुढे करून मोठी मागे लपवायची ही कला आपण सबमिशनच्या वेळी शिकतोच.

ते बराच वेळ '११'चा ट्रे हातात धरून उभे होते. मग म्हणाले, "बबल-रॅप मी आधीच काढायला हवं होतं. मार्चचं ऊन मला काय नवीन आहे?" आणि स्वतःवरच चिडत ट्रे खताच्या ढिगावर रिकामा केला. त्या रात्री त्यांनी मला त्यांच्यातली अर्धी पाय दिली, म्हणजे खायची पाय, मटणाची. घशाखाली उतरत नव्हती.

मी तरी गप्प बसलो. दहा दिवस. कदाचित आजपर्यंत बसलो असतो. पण आजोबांनी त्यांच्या बेगोनियावाल्या दोस्तांना माझ्या पेटीचं एवढं कौतुक सांगितलं होतं की बुधवारी संध्याकाळी चार म्हातारे चहाला हजर. सगळ्यांना तशीच पेटी हवी होती. एकाने तर पैसे पाकिटात घालून आणले होते. मी टेबलावर पेटी ठेवून समजावून सांगत होतो, आलेख दाखवत होतो (तो शनिवार वगळून). तेवढ्यात त्यांच्यातला एक, आयुष्यभर कारखान्यांत इलेक्ट्रिशियनचं काम केलेला, सेन्सरची तार दोन बोटांत धरून म्हणाला, "ही तुटली तर तुझ्या पेटीला काय वाटतं?"

मित्रांनो, आजवर मी बऱ्याच व्हायव्हा दिल्या आहेत, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नाही. कोड माहीत होता का, सूत्र पाठ होतं का, सर्किट कुणाचं कॉपी केलं, हे सगळं विचारतात. मी आजोबांकडे बघितलं. ते हसत होते, अभिमानाने, की आमचा पोरगा उत्तर देणारच.

उत्तर दिलं. "तिला वाटतं थंडी आहे." आणि मग पहाटे ४:१२ पासून सगळं सांगितलं, त्या चौघांसमोर, माझ्या तोडक्या-मोडक्या इंग्रजीत. पाकीटवाल्याने पाकीट हळूच कोटात घातलं. इलेक्ट्रिशियन आजोबा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त माझी टेप सोडवून तो जोड बघितला आणि 'हं' केलं. आमचे आजोबा उठले, सगळ्यांचे कप उचलले आणि आत जाऊन धूत बसले. पाणी बराच वेळ वाहत होतं.

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी 'मॉर्निंग' एवढं. माझ्या चहाचा कप मात्र रोज भरलेला असायचा, त्यामुळे तर आणखीच लाज वाटायची. मी भाडं देऊन दुसरी खोली बघावी का, असाही विचार केला. घरी आईला फोन केला तर ती म्हणाली, "झाड मेलं म्हणून माणूस एवढा रागावतो का रे?" मी तिला आमच्या अंगणातल्या तिच्या हाताच्या कढीपत्त्याची आठवण करून दिली. मग ती गप्प झाली.

पाचव्या दिवशी, रविवारी, आजोबांनी किचनच्या टेबलावर कापडात गुंडाळलेला तो जुना रॉड आणून ठेवला. म्हणाले, "सिरीज म्हणजे काय ते शिकवतात ना तुम्हाला?"

दिवसभर आम्ही दोघं बसलो. माझी पेटी रोजचं काम करणार, १८ वर. तिच्याच वाटेत पुढे जुना रॉड, २४ वर लावलेला. माझ्या पेटीला काहीही वाटो, २४ ला रॉड तोडणार. प्रोग्रॅममध्ये मी दोन ओळी घातल्या: आकडा शून्याखाली किंवा चाळिसावर गेला तर हीटर बंद आणि बझर चालू. तारेला जोडाजवळ नीट पकड दिली, हिसका सोल्डरवर येऊ नये म्हणून. आजोबांनी सिरीजच्या जोडण्या स्वतः केल्या, मला हात लावू दिला नाही. शेवटी सेन्सरची तार माझ्याकडून ओढून काढायला लावली. बझर वाजला, दिवा विझला. असं त्यांनी तीन वेळा करायला लावलं.

एप्रिलच्या मध्यावर '११'च्या म्हाताऱ्या कंदाने, खरवडलेल्या खळग्याच्या कडेने, एक कोंब काढला. शेंगदाण्याएवढा. आजोबांनी तो मला भिंगातून दाखवला. प्रदर्शनासाठी उशीर झाला होता, आणि कलम करायचा तर प्रश्नच नव्हता, एकुलता एक. तसाच वाढू दिला. मी जूनमध्ये निघालो तेव्हा तो दहा इंच होता आणि पानं तिरकी, एक बाजू मोठी एक लहान, बेगोनियाची असतात तशी.

पावसाळ्यात आपल्या ट्रेकला त्याच तिरक्या पानांनी मला थांबवलं. सह्याद्रीतल्या ओल्या कातळांवर पावसात फिकट गुलाबी फुलांची जी नाजूक झाडं उगवतात, ज्यांच्यावरून आपण फोटो काढत पुढे जातो, ती बेगोनियाच. बेगोनिया क्रेनाटा. तीही कंदाचीच. उन्हाळाभर दगडाच्या फटीत झोपते आणि पाऊस आला की उठते. थर्मोस्टॅट लागत नाही. मी फोटो पाठवला. आजोबांच्या मुलीच्या फोनवरून उत्तर आलं: "पीळ नाही. पण बरी आहे."

ऑगस्टच्या प्रदर्शनात आजोबांनी कुंडीतली दोन झाडं मांडली, तिसरा नंबर आला. '११' फुललं सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, प्रदर्शन संपल्यावर. फोटोत फुलाशेजारी त्यांनी पोलादी पट्टी धरली होती: सात इंच.

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत अजून एक फोटो आला. कंद वाळूवर, खळगा वरच्या बाजूला, त्यात तीन गुलाबी ठिपके. मागे माझी पेटी आणि तिच्या शेजारी जुना रॉड दिसत होता. खाली लिहिलं होतं, "तीन डोळे. १८.५ अंश. एक कलम इलेक्ट्रिशियनला देणार आहे, त्याने मागितलंय."